दोन लाइनी, एक सेशन: सांगलीच्या अडत दुकानातलं एक प्रकरण

“दादा, आत जातंय, पण टिकत नाही बघा. फाइल मॅनेजर उघडला की परत लॉगिन मागतंय.”

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानातून ताईंचा हा फोन आला तेव्हा दुपारचे पावणेचार वाजले होते. मार्चचा पहिला आठवडा, हळदीचे सौदे भरात. सौदे उरकले की हळकुंड, गड्डा आणि कणी यांचे त्या दिवशीचे भाव एका कागदावर येतात. ताई त्याची पीडीएफ करतात आणि दुकानाच्या वेबसाइटवर चढवतात. फाइलचं नाव रोज तेच ठेवतात, म्हणजे परगावच्या खरेदीदारांकडे असलेली लिंक बदलत नाही. चार वाजेपर्यंत नवी फाइल चढली नाही तर त्यांना कालचा भाव दिसतो आणि दुकानातले फोन वाजायला लागतात.

मी विश्रामबागेत वेबसाइट आणि ईमेलची कामं करतो. भाड्याचा एक व्हीपीएस, म्हणजे इंटरनेटवरचा छोटा सर्व्हर आहे. त्यावर सीपॅनेल, म्हणजे वेबसाइटच्या फाइली आणि ईमेल ब्राउझरमधून सांभाळायची सोय आहे आणि चाळीसेक गिऱ्हाइकं आहेत. ताईही सीपॅनेलमध्येच लॉगिन करून त्यातल्या फाइल मॅनेजरमधून पीडीएफ चढवतात. त्यात हळदीचे अडते, बेदाण्याचे व्यापारी, मिरजेतले दोन दवाखाने आणि तंतुवाद्यांचं एक दुकानही आहे. सर्व्हरची मुख्य किल्ली, म्हणजे रूट लॉगिन, माझ्याकडे असतं. त्यामुळे सर्व्हरवरच्या नोंदी उघडून बघायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती. तरीही दुखणं सापडायला आठ दिवस गेले. ते का गेले, हे सविस्तर लिहितो, कारण अशाच तक्रारी घेऊन दुसरे लोकही माझ्याकडे येतात आणि तेही आमच्यासारखेच आधी पासवर्डाच्या मागे लागलेले असतात.

पहिले आठ दिवस

पहिल्या फोनला मी सांगितलं, ब्राउझरच्या कुकीज, म्हणजे वेबसाइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखीच्या चिठ्ठ्या, साफ करा. त्यांनी केल्या. दहा मिनिटं बरं चाललं, मग पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी दुसरा ब्राउझर वापरायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी मी पासवर्ड बदलून दिला. पाचव्या दिवशी पुन्हा बदलला आणि या वेळी फोनवर एकेक अक्षर सांगितलं. होस्टिंग कंपनीच्या मदत विभागाला तिकीट टाकलं, तर त्यांचंही उत्तर “कुकीज साफ करून पाहा” असंच आलं.

दरम्यान दुकानात वेगळंच सुरू झालं होतं. तिथल्या दिवाणजींचं मत पक्कं झालं की ताई पासवर्ड चुकीचा टाकतात. “सावकाश टाका की, घाई कशाला करताय?” असं ते रोज म्हणायचे. मीही दोनदा पासवर्ड बदलून नकळत त्या मताला दुजोरा दिला होता. ताई मात्र पहिल्या दिवसापासून एकच वाक्य सांगत होत्या: आत जातंय, पण टिकत नाही. ज्याचा पासवर्ड चुकतो तो आतच जात नाही. त्यांच्या वाक्यातला पहिला अर्धा भाग मी नीट ऐकला असता तर पासवर्डाला हातही लावला नसता.

आठव्या दिवशी मी त्यांना म्हटलं, बाहेर काढतं तेव्हा पडद्यावर काय लिहिलेलं असतं त्याचा फोटो पाठवा. लॉगिनच्या चौकटीवर एक छोटी इंग्रजी ओळ होती. तिचा अर्थ असा: तुमचा आयपी पत्ता (म्हणजे इंटरनेटवर तुमच्या लाइनीला मिळालेला नंबर) बदलला आहे, पुन्हा लॉगिन करा. ही ओळ आठही दिवस तिथेच होती. मी ती कधी विचारली नाही, आणि ताईंना वाटलं, लॉगिनच्या पानावर असं काहीतरी लिहिलेलं असतंच.

त्याच फोनवर दिवाणजी मागून बोलले, “मंगळवारी चाललं होतं की चांगलं! त्या दिवशी गटारीच्या कामात पोरांनी केबल तोडली होती, नेट निम्मंच होतं, तरीबी चाललं.”

त्या वाक्यावर मी गाडी काढली.

सर्व्हरच्या नोंदी

निघण्यापूर्वी सर्व्हरवर दोन गोष्टी बघून घेतल्या. डिस्क भरलेली नाही ना, आणि किती फाइली ठेवता येतात त्याची मर्यादा, म्हणजे आयनोड, संपलेली नाही ना. सीपॅनेल प्रत्येक सेशनची, म्हणजे लॉगिनपासून बाहेर पडेपर्यंतच्या वावराची, छोटी फाइल सर्व्हरवर ठेवतं. ती लिहायला जागा नसेल तर माणूस लॉगिन करतो आणि लगेच बाहेर पडतो. डिस्कवर जागा शिल्लक दिसते पण आयनोड संपलेले असतात असंही होतं, म्हणून दोन्ही वेगवेगळं तपासावं लागतं. इथे दोन्ही ठीक होतं. खरं म्हणजे सर्व्हरचं दुखणं असतं तर चाळीस ठिकाणांहून फोन आले असते. तक्रार एकाच दुकानाची होती आणि ताई घरून लॉगिन करायच्या तेव्हा काहीच अडचण येत नव्हती. म्हणजे बिघाड दुकान आणि सर्व्हर यांच्या मधे कुठेतरी होता.

मग सीपॅनेलच्या दोन नोंदवह्या उघडल्या. सेशनच्या नोंदीत कोणतं सेशन कधी जन्मलं, कोणत्या आयपी पत्त्यावरून जन्मलं आणि कधी संपलं हे लिहिलेलं असतं. अॅक्सेसच्या नोंदीत प्रत्येक मागणी कुठून आली ते असतं. माझ्या सर्व्हरवर या वेळा जागतिक वेळेत असतात, त्यामुळे साडेपाच तास मिळवून वाचावं लागतं. दुपारच्या ३:४२ ची घटना शोधायची तर १०:१२ च्या ओळी बघायच्या.

त्या ओळींत सगळं लिहिलेलं होतं. १०:१२ ला एका पत्त्यावरून लॉगिन, त्याच पत्त्यावरून पहिलं पान, चित्रं, मांडणीच्या फाइली. मग फाइल मॅनेजर उघडल्याबरोबर त्याच खात्याच्या दोन मागण्या सर्वस्वी वेगळ्या पत्त्यावरून. सेशन तिथेच खलास. पुढच्या मिनिटाला नवं लॉगिन, या वेळी दुसऱ्या पत्त्यावरून, आणि थोड्या वेळाने पहिल्या पत्त्यावरून मागणी आली की तेही बाद. मंगळवार सोडला तर मागच्या आठ दिवसांतली कुठलीही दुपार काढली तरी हेच दोन पत्ते आलटून पालटून दिसत होते.

दुकानात जाऊन वर भिंतीकडे पाहिलं. राउटरच्या मागे दोन केबली होत्या. जानेवारीत आण्णांनी, म्हणजे दुकानाच्या मालकांनी, दुसऱ्या कंपनीचं ब्रॉडबँड घेतलं होतं. सौद्यांच्या दिवसांत नेट गेलं तर परवडत नाही, हा त्यांचा हिशेब बरोबरच होता. लाइन जोडणाऱ्या मुलाने दोन लाइनी घेणारा राउटर बसवला आणि लोड बॅलन्सिंग, म्हणजे नेटची ये-जा दोन्ही लाइनींवर वाटून देण्याची सोय, चालू करून दिलं. त्याबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं असं वाटण्याचं कारणही नव्हतं, कारण नेट पूर्वीपेक्षा जोरात चाललं होतं.

असं का होत होतं

लॉगिन झालं की सीपॅनेल ब्राउझरला एक कुकी देतं आणि ती कोणत्या आयपी पत्त्याला दिली हे लक्षात ठेवतं. पुढच्या प्रत्येक मागणीला कुकी आणि पत्ता दोन्ही जुळतात का ते बघतं. या तपासणीच्या तीन पायऱ्या आहेत. कडक पायरीवर पत्ता तंतोतंत तोच लागतो, आणि मुळात सेटिंग हेच असतं. सैल पायरीवर पत्त्यातल्या चार गटांपैकी पहिले तीन जुळले तरी चालतं. तिसरी पायरी म्हणजे तपासणी बंद.

आण्णांना हे यार्डाच्या भाषेत सांगितलं. ट्रक पुढच्या फाटकातून आत आला, त्याला चिठ्ठी मिळाली आणि चिठ्ठीवर फाटकाचा नंबर पडला. तोच ट्रक ती चिठ्ठी घेऊन मागच्या फाटकावर गेला तर तिथला वॉचमन अडवणार. चिठ्ठी खोटी नाही, ड्रायव्हरही खोटा नाही, पण वॉचमनही चुकत नाही. आण्णा लगेच म्हणाले, “मग ट्रक दोन फाटकांनी फिरवतंय कोण?”

फिरवत होता राउटर. हा राउटर प्रत्येक नव्या जोडणीला ठरवायचा की ही पहिल्या लाइनीवर टाकू की दुसऱ्या. ब्राउझर पानासाठी एकच जोडणी वापरत नाही. पानं मागवण्याच्या जुन्या एचटीटीपी १.१ पद्धतीत तो एका सर्व्हरकडे साधारण सहा जोडण्या एकदम उघडतो. साध्या पानाला एक-दोन जोडण्यांत भागतं, त्या योगायोगाने एकाच लाइनीवर पडल्या तर काही बिघडत नाही, आणि जोडणी उघडी असेपर्यंत लाइनही तीच राहते. म्हणून ईमेल खात्यांचं पान दहा दहा मिनिटं चालायचं. फाइल मॅनेजर मात्र उघडताक्षणी कितीतरी गोष्टी एकदम मागतो, त्यातली एखादी तरी दुसऱ्या लाइनीवर जायचीच. ताईंचं निम्मं काम फाइल मॅनेजरमध्ये, म्हणून त्यांनाच सगळ्यात जास्त त्रास.

आणि केबल तुटलेल्या मंगळवारी लाइन एकच होती, त्यामुळे पत्ताही एकच राहिला.

लाइन काढून बघितली, आणि दुसरा बिघाड वर आला

अंदाज कितीही पटला तरी मी तो करून बघितल्याशिवाय मानत नाही. दुसऱ्या लाइनीची केबल काढली. ताईंनी लॉगिन केलं, फाइल मॅनेजर उघडला, भावपत्रक चढवलं, तासभर इकडे तिकडे फिरल्या. एकदाही बाहेर पडल्या नाहीत.

मग उलट केलं. पहिली काढली, दुसरी लावली. आता पण टिकायला हवं होतं, कारण पत्ता एकच आहे. पण इथे लॉगिनच होईना. ‘लॉगिन चुकीचं आहे’ असा संदेश. माझ्या डोळ्यांसमोर, मी स्वतः टाकलेला पासवर्ड. दिवाणजींनी माझ्याकडे पाहिलं, मी ताईंकडे पाहिलं.

याचं कारण सीपीहल्क. सीपॅनेलच्या सर्व्हरवर पासवर्ड ओळखण्याचे हल्ले थोपवणारी ही सोय आहे. एका पत्त्यावरून थोड्या वेळात बऱ्याच वेळा चुकीचा पासवर्ड आला की ती त्या पत्त्याला काही मिनिटं बंदी घालते, आणि चुका वाढत गेल्या तर पूर्ण दिवसाची. बंदी घातली आहे असं ती सांगत नाही. पासवर्ड चुकल्यावर येतो तोच संदेश दाखवते, म्हणजे हल्लेखोराला आपण अडवले गेलोय हे कळू नये. योजना चांगली आहे, पण खऱ्या माणसाला ती फार गोंधळात टाकते: बरोबर पासवर्ड टाकूनही तो चुकीचा ठरतो.

बंदीच्या यादीत दुसऱ्या लाइनीचा पत्ता होता, आणि चुकलेल्या प्रयत्नांपुढे आमच्याच खात्याचं नाव. कारण शोधलं तर ते माझ्यापर्यंत आलं. मी दोनदा पासवर्ड बदलला, पण दुकानातल्या संगणकावर ब्राउझरने जुना जपून ठेवला होता. सेशन तुटलं की लॉगिनचं पान यायचं, ब्राउझर जुनाच पासवर्ड भरून ठेवायचा, घाईत त्यातच नवा टाकला जायचा आणि दोन्ही मिसळून दर वेळी वेगळाच चुकीचा पासवर्ड जायचा. दिवसातून कितीतरी वेळा. पहिल्या लाइनीवरच्या चुका मर्यादेच्या आत राहिल्या, दुसरीवरच्या ओलांडून गेल्या. म्हणजे मी दिलेल्या औषधाने दुसरा आजार लागला होता, आणि त्या दुसऱ्या आजारामुळे पहिला पासवर्डाचाच वाटत राहिला. ‘ताई पासवर्ड चुकवतात’ हे दिवाणजींचं म्हणणं त्यामुळेच खरं वाटत होतं.

हे मी तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं. आठ दिवस ताईंनी ऐकून घेतलं होतं, तेव्हा खुलासाही सगळ्यांसमोरच व्हायला हवा होता.

बंदी काढली, ब्राउझरमधला जुना पासवर्ड पुसला. दुसऱ्या लाइनीचा पत्ता कायमच्या विश्वासू यादीत टाकावा का, असा प्रश्न आला. मी टाकला नाही. राउटरवर त्या लाइनीचा पत्ता १००.६४ ने सुरू होत होता, म्हणजे ती कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटून देते. तो पत्ता विश्वासू ठरवला तर त्यामागे बसलेल्या अनोळखी लोकांनाही मोकळीक मिळते.

तपासणी बंद करावी का?

सगळ्यात सोपा उपाय दोन मिनिटांचा होता. सर्व्हरच्या ट्वीक सेटिंगमध्ये जायचं आणि कुकीच्या आयपी तपासणीला ‘बंद’ करायचं. खूप जण हाच उपाय सांगतात, आणि त्याने तक्रार थांबतेही. मी तो केला नाही, कारण ते सेटिंग एका खात्यापुरतं नसतं, अख्ख्या सर्व्हरला लागू होतं. एका दुकानातल्या राउटरसाठी चाळीस गिऱ्हाइकांच्या दाराची एक कडी काढून ठेवायची हे मला पटत नाही. आणि ही कडी खरोखर कामाची आहे. संगणकात शिरून ब्राउझरमधल्या कुकीज चोरणारे विषाणू असतात. चोरलेली कुकी पासवर्डाशिवाय थेट आत नेते. पत्त्याची तपासणी चालू असेल तर चोराच्या संगणकावर ती निरुपयोगी ठरते. एखाद्या दवाखान्याचा पत्रव्यवहार त्या सर्व्हरवर असताना मी हे पणाला लावणार नाही.

सैल पायरीचा विचार केला, पण तिचा इथे उपयोगच नव्हता. दोन लाइनी दोन कंपन्यांच्या, पत्त्यांचा पहिला गटसुद्धा जुळत नव्हता. ज्यांच्याकडे एकच लाइन आहे आणि पत्त्याचा शेवटचा गट तेवढा बदलत राहतो, त्यांच्यासाठी ती पायरी बरी.

म्हणून दुरुस्ती जिथे बिघाड होता तिथेच, राउटरमध्ये केली. लोड बॅलन्सिंग जोडणीनुसार होतं, ते संगणकानुसार केलं: एक संगणक एका लाइनीवर बसला की तिथेच राहणार. दुकानात पाच संगणक आहेत, त्यामुळे भार तरीही दोन्हीकडे वाटला जातो. त्याशिवाय एक जादा नियम घातला. आमच्या सर्व्हरकडे जाणारी २०८३ आणि २०९६ या पोर्टांवरची (पोर्ट म्हणजे सर्व्हरवरच्या एकेका सेवेचं दार), म्हणजे सीपॅनेल आणि वेबमेलची, सगळी ये-जा पहिल्या लाइनीवरून. ती पडली तरच दुसरीवरून. लाइन बदलेल त्या वेळी एकदा लॉगिन मागेल, तेवढं चालेल, असं सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं.

राउटर पुन्हा चालू होत असताना दिवाणजी म्हणाले, बँकेचं पोर्टलही दोन महिने मधेच बाहेर काढतंय, त्यांना वाटलं बँकेचं काहीतरी असेल. तेही त्या संध्याकाळपासून थांबलं. पैसे पाठवणारा माणूस दोन महिने धास्तीने काम करत होता आणि कुणाला बोलला नव्हता, याचं मला जास्त वाईट वाटलं.

उरलेला एक धागा

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंचा पुन्हा फोन. मनात धस्स झालं. पण या वेळी त्यांनी आधी संदेश वाचून दाखवला, आणि तो निराळा होता: सुरक्षा टोकन जुळत नाही, अशा अर्थाचा.

हे अगदी साधं निघालं. सीपॅनेलमध्ये शिरलं की ब्राउझरच्या वरच्या पत्त्याच्या पट्टीत ‘सीपीसेस’ आणि त्यापुढे आकड्यांची रांग दिसते. ते त्या लॉगिनचं टोकन. दुसऱ्या एखाद्या पानाने तुमच्या नकळत तुमच्या पॅनेलला हुकूम सोडू नये म्हणून ते असतं, आणि प्रत्येक लॉगिनला नवं मिळतं. ताईंनी आदल्या दिवशी सगळं सुरळीत चालल्यावर आनंदाने त्याच पानाचा बुकमार्क केला होता, कालच्या टोकनासकट. दिवाणजींनी तोच पत्ता दुकानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही टाकून ठेवला होता. दोन्ही काढायला सांगितले आणि पुढे २०८३ असलेला साधा पत्ता ग्रुपवर वर चिकटवून ठेवला.

माझ्याकडून एक बदल झाला. आता तक्रारीचा फोन आला की मी आधी पडद्याचा फोटो मागतो, मग विचारतो की त्या ठिकाणी नेटच्या लाइनी किती आणि कुठल्या, आणि हेच दुसऱ्या ठिकाणाहून करून बघितलं का. पासवर्डाला त्यानंतरच हात लावतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एकदा चालवून बघायला दोन मिनिटं लागतात आणि बिघाड दाराच्या आत आहे की बाहेर, हे त्यात कळून जातं.

जुलैत मोठा पाऊस झाला त्या आठवड्यात पहिली लाइन दुपारी गेली. ताईंचा मेसेज आला: “दादा, एकदाच लॉगिन मागितलं, मग चाललं. फाइल चढवली.” खाली पडद्याचा फोटोही होता, न मागता पाठवलेला.